प्लॉट सरकलाय हे मान्य, पण कसा सरकलाय ते आधी बघा

जंगलात जमिनीवर मोजलेले नमुना प्लॉट आणि लिडार, म्हणजे विमानातून केलेलं लेसर स्कॅनिंग, एकमेकांवर बसत नाहीत, काय करायचं? फील्ड सीझन संपला, डेटा एंट्री झाली की हा प्रश्न ठरलेलाच. फील्ड शीटवर लिहिलंय साग, ऐन, मधे एक दांडगा मोह, उंची १६-१८ मीटर, आणि तेच प्लॉटचं वर्तुळ विमानातून केलेल्या लेसर स्कॅनिंगच्या डेटावर टाकलं की आत निम्मं उघडं रान, दोन-तीन मीटरची झुडपं, आणि तो मोह वर्तुळाच्या बाहेर आरामात उभा. मग लिडारवरून बायोमास, म्हणजे झाडांचं एकूण वजन, काढायचं मॉडेल लावलं की आर-स्क्वेअर, म्हणजे मॉडेल किती जुळतं त्याचा आकडा, रडका येतो आणि सगळे एका सुरात म्हणतात, जीपीएस खराब होता. अहो जंगलात जीपीएस खराब असतोच, त्यात नवीन काय? पण त्र्यंबकच्या पुढं हरसूल, पेठ, सुरगाणा या पट्ट्यातल्या प्लॉटवर काम करताना मला दिसलंय ते असं की बऱ्याचदा दोष जीपीएसचा नसतोच, आणि जिथं असतो तिथंही दुरुस्त होतो, फक्त प्लॉट माउसनं पकडून ढकलायच्या आधी तो कसा चुकलाय ते ओळखावं लागतं.

आधी एवढं मनावर घ्या की सरकण्यानं बिघडतं किती. ०.१ हेक्टरचा गोल प्लॉट म्हणजे त्रिज्या १७.८४ मीटर. केंद्र ५ मीटर सरकलं तर जमिनीवरचा खरा प्लॉट आणि तुम्ही पॉइंट क्लाउडमधून, म्हणजे लिडारच्या बिंदूंच्या ढिगातून, कापलेला प्लॉट यांच्यात ८२ टक्के भाग सामाईक राहतो, १० मीटर सरकलं तर ६५ टक्के. आणि ८ मीटर त्रिज्येचा छोटा प्लॉट असेल तर त्याच ५ मीटरमध्ये ६१ टक्क्यांवर येता. एकसारख्या रोपवनात हे खपून जातं कारण शेजारीही तेच झाड तेवढंच उंच. आपल्याकडे तसं नाही ना, नाल्याकाठी गर्द झाडी, पंधरा पावलं वर गेलं की उघडा कातळ, खाली वरईचं शेत, त्यात ५ मीटर म्हणजे वेगळंच जंगल. आणि नुसता गोंधळ वाढतो असंही नाही, मॉडेलची रेषा चपटी होते, म्हणजे दाट जंगलाचा बायोमास कमी दाखवला जातो आणि विरळाचा जास्त. अहवालात मग गर्द पट्टे गरीब दिसतात आणि उजाड पट्टे श्रीमंत, ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

तर पहिलं काम. जे प्लॉट डोळ्यांनी ओळखू येतात, म्हणजे ज्यात एखादं वेगळं मोठं झाड आहे, मोकळी जागा आहे, बांध आहे, असे काही निवडा, आणि क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकासाठी एक बाण काढा, नोंदलेल्या केंद्रापासून जिथं ते असायला पाहिजे तिथपर्यंत. मग सगळे बाण एका नजरेत बघा. सगळे बाण एकाच दिशेला आणि साधारण सारख्याच लांबीचे असतील तर प्लॉटला हात लावू नका, चूक वरच्या पातळीवर आहे. बाण चहूकडे विखुरलेले असतील तर तो जीपीएस. आणि बाण काढताच येत नसेल, म्हणजे केंद्र कुठंही नेलं तरी झाडं बसत नाहीत, तर झाडांचा नकाशाच फिरलाय किंवा उलटा झालाय. या तिन्हींचा इलाज वेगळा आणि लोक तिन्हींना एकच औषध देतात.

सगळे एकाच दिशेला सरकलेत

इथं पहिला संशय लिडारवर घ्यायचा, लोक तो घेतच नाहीत कारण डेटा महाग असतो आणि फाइल देताना सोबत छान रिपोर्ट दिलेला असतो. उघड्यावरच्या गोष्टी बघा, शाळेच्या पत्र्याच्या छताचे कोपरे, सिमेंट बंधाऱ्याची भिंत, पाण्याच्या टाकीची कड. तिथं चांगल्या रिसीव्हरनं उघड्या आकाशाखाली पॉइंट घ्या आणि पॉइंट क्लाउडमधल्या कोपऱ्याशी जुळवा. दोन उड्डाणपट्ट्या जिथं एकमेकांवर येतात तिथं छताचा आडवा छेद काढून बघा, एका छताच्या दोन रेषा दिसल्या तर पट्ट्याच नीट जुळवलेल्या नाहीत आणि मग ते काम डेटा देणाऱ्याकडे परत जायला पाहिजे, तुम्ही प्लॉट सरकवून ते झाकू नका.

लिडार ठीक निघाला तर कोऑर्डिनेट सिस्टिम, म्हणजे जागा आकड्यांत मांडायची पद्धत. यूटीएम या मीटरमधल्या पद्धतीत नाशिक जिल्हा पूर्ण झोन ४३ मध्ये येतो, सॉफ्टवेअरमधला कोड ईपीएसजी ३२६४३, झोन ४४ सुरू होतो ७८ अंश रेखांशाला, म्हणजे नागपूरकडे. कुणीतरी विदर्भातल्या प्रोजेक्टची क्यूजीआयएस फाइल कॉपी करून त्यातच लेयर टाकतं, असं होतं. पण झोनची चूक असली तर प्लॉट शेकडो किलोमीटर लांब जातात त्यामुळे ती लगेच पकडली जाते. अक्षांश-रेखांश उलटे टाकले तर तर मजाच, तुमचं पेठचं सागाचं जंगल नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात सापडेल. ह्या चुका त्रास देत नाहीत, त्रास देतात त्या छोट्या.

जुन्या टोपोशीटवरून किंवा त्यावरून डिजिटाइझ केलेल्या कंपार्टमेंटच्या नकाशावरून प्लॉट ठरवले असतील तर ती शीट एव्हरेस्ट लंबगोलावर (पृथ्वीच्या आकाराचं जुनं गणित) आधारलेली असते, जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ वर नाही, आणि त्यातला फरक दहा-पाच मीटरचा नसून त्याच्या कित्येक पट असतो. त्यात कुणीतरी नकाशा आधीच "अंदाजे बसवून" ठेवलेला असेल तर उरलेला फरक वीस-तीस मीटर दिसतो आणि तो बघून सगळे जीपीएसच्या नावानं बोटं मोडतात.

अजून एक बारीक भानगड. लिडारचा बेस (ज्यावरून जागा दुरुस्त करतात ते स्टेशन) आणि तुमच्या रिसीव्हरचा बेस वेगळ्या संदर्भ चौकटीत असू शकतात, एक जुन्या इपॉकवर, म्हणजे जुन्या तारखेवर, बांधलेली आणि दुसरी आजच्या तारखेची. भारतीय प्लेट वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकते, म्हणजे वीस वर्षांचं अंतर असेल तर मीटरभर फरक. हँडहेल्ड जीपीएस वापरलाय त्यांनी हे वाचून विसरून जा. ज्यांनी महागडा ड्युअल फ्रिक्वेन्सी रिसीव्हर घेऊन डेसिमीटरच्या गप्पा सुरू केल्यात त्यांनी मात्र बघा, सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स या कायमच्या जीपीएस स्टेशनच्या नेटवर्कवरून करेक्शन घेतलं असेल आणि लिडारवाल्यानं दुसऱ्या सर्व्हिसवरून घेतलं असेल तर दोघांकडून चौकट आणि इपॉक लेखी मागा. उंचीत मोठा फरक दिसला तर घाबरू नका, तो बहुतेक लंबगोलावरची उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यातला असतो, आपल्या भागात तो ५० मीटरच्या वर जातो आणि आडव्या जुळणीशी त्याचा संबंध नाही.

एंट्रीच्या चुका

ह्या खरं तर विखुरलेल्या बाणांच्या गटात येतात, पण जीपीएसवर खापर फोडायच्या आधी तपासायच्या म्हणून इथंच सांगतो. कागदावर १९ अंश ५८.३०५ मिनिटं असं लिहिलेलं असतं आणि एंट्री करणारा त्याचं १९ अंश ५८ मिनिटं ३०.५ सेकंद करतो. ०.३०५ मिनिट म्हणजे १८.३ सेकंद, ३०.५ नाही. गेले ३७५ मीटर. आणि ही चूक प्रत्येक प्लॉटला वेगळी येते कारण दशांशाचे आकडे वेगळे, त्यामुळे एकच शिफ्ट देऊन दुरुस्त होत नाही.

दुसरी दशांशाचीच. एक्सेलमध्ये कुणीतरी कॉलम "नीटनेटका" करायला चारच दशांश स्थळं ठेवतो आणि तीच फाइल सीएसव्ही म्हणून सेव्ह करतो. चौथं स्थळ म्हणजे अक्षांशात ११ मीटर, म्हणजे तुमचा प्लॉट इकडं नाहीतर तिकडं साडेपाच मीटरपर्यंत नुसत्या राउंडिंगनं गेला. निदान सहा स्थळं ठेवा. सगळ्या प्लॉटच्या आकड्यांत शेवटी शून्यं दिसली, किंवा प्लॉट नकाशावर झूम करून बघितल्यावर जाळीच्या चौकटीवर बसल्यासारखे दिसले तर हेच झालंय, मूळ शीट किंवा रिसीव्हरची फाइल काढा. रिसीव्हरमधलं साफ केलं असेल तर जे फोटो काढले त्यांच्या आत कधीकधी लोकेशन असतं, ते अगदी टाकाऊ नसतं.

झाडांचा नकाशाच बसत नाही

केंद्रापासून प्रत्येक झाडाचं अंतर आणि दिशा मोजली असेल तर नकाशा असा निघतो: समजा झाड १२.४ मीटरवर, दिशा ६० अंश. पूर्वेकडे १२.४ गुणिले साइन ६० म्हणजे १०.७४ मीटर, उत्तरेकडे १२.४ गुणिले कॉस ६० म्हणजे ६.२ मीटर. एवढं सोपं, आणि तरी इथं सगळ्यात जास्त घोळ. एक्सेलला साइनसाठी अंश चालत नाहीत, रेडियन लागतात, सरळ ६० टाकलं तर तो काहीतरी उत्तर देतोच, एररही दाखवत नाही, आणि झाडं वर्तुळात भलतीकडेच पसरतात. ते निदान ओळखू येतं कारण काहीच जुळत नाही. फसवी चूक म्हणजे साइन आणि कॉसची अदलाबदल. शाळेतल्या गणितात कोन पूर्वेकडून मोजायचा आणि घड्याळाच्या उलट, कंपासमध्ये उत्तरेकडून आणि घड्याळाच्या दिशेनं. अदलाबदल केली की नकाशा आरशात बघितल्यासारखा उलटतो. प्रत्येक झाडाचं केंद्रापासूनचं अंतर बरोबर, नकाशा छान दिसतो, पण तुम्ही तो कितीही फिरवा, कितीही सरकवा, बसणारच नाही. मी तर आता सवयच लावून घेतलीय की प्लॉट बसत नसेल तर एकदा दोन्ही कॉलम उलटे करून बघायचं, मिनिटाचं काम आहे.

तिसरं म्हणजे उलटी दिशा. दोन माणसं असतात, एक केंद्राच्या खुंटीपाशी आणि एक झाडापाशी, आणि कंपास कुणाच्या हातात आहे हे मधेच बदलतं. झाडापाशी उभं राहून केंद्राकडे बघितलं तर दिशा १८० अंशांनी उलटी. सगळीच झाडं तशी मोजली असतील तर नकाशा अर्धा फिरवला की झालं. दुपारी जेवणानंतर अदलाबदल झाली असेल तर अमुक नंबरपासून पुढची झाडं उलटी निघतात, म्हणून झाडांच्या नंबरनुसार रंग देऊन बघा, तुटण्याची जागा लगेच दिसते.

कंपास स्वतः किती चुकतो? परदेशी मॅन्युअलमध्ये चुंबकीय उत्तर आणि खऱ्या उत्तरेच्या फरकावर पानंच्या पानं असतात कारण तिकडं काही ठिकाणी तो फरक दहा अंशांच्या घरात जातो. आपल्याकडे तो एक अंशाच्या आत आहे, आणि ग्रिडची उत्तर नाशिकला खऱ्या उत्तरेपासून ०.४ अंश वळलेली. प्लॉटच्या कडेला एक अंश म्हणजे ३१ सेंटिमीटर. सोडून द्या. आपला शत्रू दुसरा आहे, पायाखालचा काळा दगड. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, आणि उघड्या माथ्यावर, कड्याच्या टोकावर, जिथं वीज पडून दगड चुंबकीय झालेला असतो तिथं सुई चांगलीच भरकटते. त्यात कंपास धरणाऱ्याच्या कमरेला कोयता, छातीशी मोबाइल. त्यामुळे अख्खा नकाशा ५-१० अंश फिरलेला मिळणं काही विशेष नाही, जुळवताना फिरवायची मुभा ठेवावीच लागते.

आणि उतार. १७.८४ मीटर टेप जमिनीला टेकवून ३० अंशांच्या उतारावर धरली तर आडवं अंतर १५.४५ मीटरच भरतं. टेप धरणारा पोरगा बिचारा बरोबर आकडा वाचतो, पण लिडार वरून बघतो ना, त्याला आडवंच अंतर कळतं. उताराच्या दिशेनं नकाशा ताणला गेलेला आणि आडव्या बाजूनं ठीक असं दिसलं तर हेच. चौकोनी ०.१ हेक्टरच्या प्लॉटलाही तेच, बाजू ३१.६२ आणि केंद्रापासून कोपरा २२.३६ मीटर, पण हे आकडे आडवे, चारही कोपऱ्यांकडे उतार वेगळा, दुरुस्ती वेगळी.

आता खरा जीपीएस

हँडहेल्ड जीपीएस झाडाखाली ५ ते १० मीटर चुकतो, दरीत आणि कड्याच्या पोटाशी आणखी. स्क्रीनवर जे ३ मीटर लिहून येतं तो यंत्राचा स्वतःबद्दलचा अंदाज आहे, हमीपत्र नाही. पाच मिनिटं ॲव्हरेजिंग करून फार फरक पडत नाही कारण पानांवरून आणि कड्यावरून परावर्तित होऊन आलेला सिग्नल त्या पाच मिनिटांत एकाच बाजूला ओढत राहतो, सरासरीही तिकडेच जाते. दुसरं म्हणजे माणसाचा स्वभाव. सिग्नल चांगला येतो म्हणून जीपीएसवाला पायवाटेवर सात-आठ पावलं बाहेर येऊन उभा राहतो, खुंटी आत, आणि किती पावलं, कुठल्या दिशेला, हे कुठंच लिहिलेलं नसतं. चूक नेहमी वाटेच्या बाजूला दिसली तर समजून जा.

यावर इलाज झाडांचा. फील्डमध्ये मोजलेली झाडं आणि लिडारच्या कॅनोपी हाइट मॉडेलमधली, म्हणजे झाडोऱ्याच्या उंचीच्या चित्रातली, झाडं, पुढं नुसतं सीएचएम म्हणतो, यांची जुळणी करायची. पद्धत अशी की सीएचएम अर्ध्या मीटरच्या पिक्सेलचं घ्या. फील्डच्या नकाशावरून तसंच एक नकली सीएचएम बनवा, प्रत्येक झाडाच्या जागी त्याच्या उंचीचा आणि अंदाजे मुकुटाएवढा घुमट. मग हा तुकडा नोंदलेल्या केंद्राभोवती १५ मीटरपर्यंत चारी बाजूंना अर्ध्या अर्ध्या मीटरनं सरकवत जा, आणि प्रत्येक जागी उणे १० ते अधिक १० अंश, दोन दोन अंशांनी फिरवा, दरवेळी दोन्ही चित्रांचा सहसंबंध काढा. ६१ गुणिले ६१ जागा आणि ११ कोन म्हणजे ४०,९३१ वेळा, लॅपटॉपला हे काही जड नाही. आर या प्रोग्रॅमिंग भाषेत लिडआर पॅकेजनं सीएचएम काढून हे सगळं पन्नासेक ओळींत होतं.

छोटी झाडं यातून काढून टाका. मोठ्याच्या सावलीतलं ६ मीटरचं झाड लिडारला वरून दिसत नाही, ते ठेवलं तर नुसता गोंगाट. उंची सगळ्यांची मोजलेली नसेल तर व्यासावरून वजन द्या, पण आपल्याकडे फील्डमध्ये १.३७ मीटरवर घेर मोजतात, व्यास नाही. ९४ सेंटिमीटर घेर म्हणजे ३० सेंटिमीटर व्यास. एखाद्या टीमनं घेर व्यासाच्या कॉलममध्ये भरला असेल तर तो साधा साग एकदम राक्षस होतो आणि अख्खी जुळणी स्वतःकडे ओढून घेतो.

उत्तर म्हणून फक्त सगळ्यात चांगली जागा घेऊ नका, सहसंबंधाचा पूर्ण नकाशा उघडून बघा. एकच टोकदार शिखर असेल तर छान, प्लॉट तिकडं न्या. लांबट धार दिसली, म्हणजे नाल्याकाठची झाडांची रांग वगैरे, तर एका दिशेत खात्री आहे आणि दुसऱ्या दिशेत नाही. आणि चार-पाच सारखीच शिखरं ठराविक अंतरावर दिसली तर थांबा, तुम्ही रोपवनात आहात. साग २ बाय २ मीटरवर लावलेला असतो, मग नकाशा दोन मीटर सरकवला तरी बसतो, चार सरकवला तरी बसतो, प्रत्येक जागा तेवढीच खरी वाटते. इथं झाडांपेक्षा नसलेली झाडं कामाची, म्हणजे मेलेल्या रोपांच्या मोकळ्या जागा, विरळणी झालेले ठोकळे, रोपवनात आधीपासून उभा राहिलेला एखादा जुना मोह किंवा आंबा. मोह आपल्याकडे सहसा कुणी तोडत नाही, फुलं आणि मोहटी घराला लागतात, त्यामुळे तो जुना, रुंद आणि एकटा सापडतो. फक्त त्याला शेंडा शोधू नका, घुमट एवढा पसरट असतो की सॉफ्टवेअर एका झाडाचे तीन-चार शेंडे करतं, मुकुटाचा मध्य धरा.

उतारावरची झाडं दरीकडे कललेली असतात, बुंधा इथं आणि शेंडा दीड-दोन मीटर खाली. त्यात जमीन वजा करून उंची काढली की मुकुटाची दरीकडची बाजू फुगते, कारण तिच्या खालची जमीन खोल आहे, म्हणून शेंडा अजून खाली सरकलेला दिसतो. म्हणजे नीट मोजलेला प्लॉटही एक-दोन मीटर उताराकडे ओढला जातो. हे प्रत्येक उताराच्या प्लॉटला त्याच दिशेनं दिसलं तर ती चूक समजून दुरुस्त करत बसू नका, कड्याजवळच्या प्लॉटला तर जमिनीचं वर्गीकरणच एकदा उघडून बघा, कड्याची धार सॉफ्टवेअर खुशाल छाटून टाकतं आणि वर उरलेला दगड झाड म्हणून दाखवतं.

सीझनही बघा. एप्रिलमध्ये उड्डाण झालं असेल तर साग निष्पर्ण, लेसर काड्यांमधून खाली जातो, उंची कमी येते आणि मुकुटाला भोकं पडतात. जमीन मात्र सुंदर मिळते. अशा सीएचएममध्ये आंबा, जांभूळ ही हिरवी झाडं एकदम उठून दिसतात, त्यांनाच खुणेचे खांब धरा. भोकांसाठी पिट-फ्री, म्हणजे खड्डे भरून काढणाऱ्या, पद्धतीनं सीएचएम परत काढा, मग जुळवा.

आणि एक खास आपल्याकडची अडचण जी कुठल्याही मॅन्युअलमध्ये मिळणार नाही. पेठकडच्या एका प्लॉटमध्ये सगळं बसत होतं, फक्त कडेचे ऐन बसत नव्हते. लिडारमध्ये ते चांगले दहा-बारा मीटर, आमच्या शीटवर पाच. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा गावातले एक काका सोबत होते. त्यांना विचारलं, "काका, हे ऐन एवढे बुटके कसे?" ते म्हणाले, "बुटके कुठले, औंदा राबाला घेतले ना." भाताच्या आणि नागलीच्या रोपासाठी जमीन भाजायची तर त्याला फांद्या-पाला लागतो, आणि ऐनाच्या फांद्या त्यासाठी दरवर्षी उतरवतात. उड्डाण आधी झालेलं, राब नंतर, आम्ही त्याच्याही नंतर. जवळ जाऊन बघितलं तर छाटल्याच्या गाठी खोडावर थरावर थर, ताज्या कापाचा रंग अजून फिका. म्हणजे जागा बरोबर होती, झाडंच बदलली होती. तेव्हापासून आमच्या शीटवर "छाटलेलं" असा एक रकाना आहे आणि त्यात खूण असलेलं झाड जुळणीत घेत नाही. वणवा, चोरतोड, विरळणी यालाही हेच लागू, उड्डाणाची तारीख आणि मोजणीची तारीख शेजारी शेजारी लिहून ठेवा.

हे मात्र करू नका

प्लॉट थोडा इकडं तिकडं सरकवून बघायचा आणि जिथं बायोमासचं मॉडेल सगळ्यात छान येतं तिथं ठेवायचा, हे मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय आणि करणारे मनानं वाईट नसतात, त्यांना वाटतं आपण दुरुस्ती करतोय. ही दुरुस्ती नाही. जे उत्तर मॉडेलनं द्यायचं आहे तेच वापरून तुम्ही प्रश्नपत्रिका बदलताय, आर-स्क्वेअर वाढणारच, आणि नवीन जागेवर मॉडेल तोंडावर पडणार. जागा ठरवायची ती झाडांच्या रचनेवरून, बायोमासचा आकडा त्या वेळी स्क्रीनवरही नको.

सगळे प्लॉट जुळवून झाले की परत बाण काढा. लांबी तुमच्या रिसीव्हरला शोभेल अशी पाहिजे, हँडहेल्डला सात-आठ मीटर चालेल, नीट पोस्ट-प्रोसेस केलेल्या ड्युअल फ्रिक्वेन्सीला एवढी शिफ्ट आली तर जुळणीवर संशय घ्या. आणि सगळ्या बाणांची सरासरी शून्याच्या जवळ पाहिजे. दोन मीटर पूर्व अशी सरासरी उरली तर परत वर जा, छताच्या कोपऱ्यांकडे.

पुढच्या सीझनला जाताना

झाडाखाली आरटीकेच्या, म्हणजे जागच्या जागी करेक्शन घेऊन दुरुस्त होणाऱ्या जीपीएसच्या, भरवशावर राहू नका, सुरगाण्याच्या दऱ्यांत मोबाइलला रेंज नसते आणि असली तरी झाडाखाली खोटा फिक्स मिळतो, स्क्रीन हिरवी आणि जागा दोन मीटर बाजूला. रॉ डेटा रेकॉर्ड करा, अँटेना लांब काठीवर वर चढवा, प्लॉट मोजून होईपर्यंत तिथंच चालू ठेवा, तेवढा वेळ फुकटच मिळतो, आणि रात्री प्रोसेस करा. झाडी फारच गच्च असेल तर जवळच्या उघड्या कातळावर एकमेकांना दिसणारे दोन पॉइंट घ्या आणि तिथून टोटल स्टेशननं, म्हणजे कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्रानं, आत या. वेळखाऊ आहे, पण एकदाच करायचंय. हे सगळं मार्च ते मे, पाऊस सुरू झाल्यावर ओली पानं सिग्नल अजूनच खातात, आणि इगतपुरी-त्र्यंबककडे तेव्हा चालणंच मुश्कील.

लाकडी खुंटी टिकत नाही, वाळवी खाते, वणव्यात जाते, नाहीतर चुलीत जाते. लोखंडी गज भंगारात जातो आणि असेपर्यंत कंपासला नडतो. मोठा दगड अर्धा पुरा आणि तीन साक्षी झाडं ठरवा, प्रत्येकाचं अंतर, दिशा आणि केंद्रातून काढलेला फोटो. जीपीएस बाहेर उभा केला तर ऑफसेट त्याच क्षणी शीटवर लिहा, संध्याकाळी गाडीत नाही.

इतकं करूनही काही प्लॉट बसणार नाहीत. शिखर नाही, खूण नाही, तारखांत मोठं अंतर. असे प्लॉट मूळ जागेवरच ठेवा, वेगळ्या कॉलममध्ये "जुळणी नाही" लिहा, आणि मॉडेलमधून बाजूला काढा पण फाइलमधून डिलीट करू नका. बाजूला काढलेले सगळे एकाच प्रकारचे निघाले, सगळे दरीतले किंवा सगळे रोपवनातले, तर तुमचं मॉडेल त्या प्रकाराबद्दल काही सांगू शकत नाही, आणि ते अहवालात तसं लिहायला ती यादी लागणार आहे.